विवेकबुद्धीवर फक्त देवाची सत्ता, मग दीक्षेला अटी कशाला? (अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्च)

मागच्या_बाकावरून

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत राहते, गेली काही वर्षं पीसीयूएसएच्या (म्हणजे तिथलं मोठं प्रेस्बिटेरियन चर्च) एका मंडळीत जाते. यंदा मंडळीने मला एल्डर (मंडळीने कारभारासाठी निवडलेला पदाधिकारी) म्हणून निवडलं. आता ट्रेनिंग चालू आहे, मग सेशन (मंडळीचा कारभार बघणारी पाळक आणि एल्डर यांची समिती) आमची परीक्षा घेणार आणि मग दीक्षाविधी, म्हणजे पदावर विधिपूर्वक नेमणूक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रेस्बिटेरियनांमध्ये दीक्षा फक्त पाळकाला नसते, एल्डर आणि डीकन (गरजूंची सेवा बघणारे) यांनाही असते आणि प्रश्न जवळपास तेच विचारतात. त्यामुळे हे सगळं माझ्याही गळ्यात आहे.

तर झालं असं की माझ्याबरोबर निवडून आलेले एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, अतिशय सज्जन, सगळ्यांच्या आजारपणात पहिले धावून जाणारे. ट्रेनिंगमध्ये ते शांतपणे म्हणाले की समलिंगी जोडप्यांचं लग्न मला शास्त्राप्रमाणे पटत नाही, मी कुणाचा अपमान करणार नाही, कुणाला अडवणार नाही, पण पटतं असं खोटं पण बोलणार नाही. खोलीत एकदम शांतता. मग एक जण म्हणाला, मग तुम्ही एल्डर होऊ शकत नाही, विषय संपला. दुसरी बाई लगेच म्हणाली, असं कसं, आपल्या बुक ऑफ ऑर्डरमध्येच (चर्चच्या नियमांचं पुस्तक) लिहिलंय की विवेकबुद्धीचा धनी एकटा देव. आणि दोघांनी एकाच पुस्तकातली पानं एकमेकांना दाखवली!!

माझं मत त्या गृहस्थांसारखं नाही, हे आधीच सांगते. पण मला हे कळेना की जे चर्च म्हणतं विवेकबुद्धी मोकळी आहे तेच चर्च दीक्षेच्या वेळी मानलंच पाहिजे असंही म्हणतं, हे एका तोंडाने कसं चालतं? कोणाला यातला इतिहास माहीत असेल तर सांगा. भांडण नको प्लीज.

जुनेकागद

भांडण नको म्हणून चर्चच्या इतिहासाचा प्रश्न विचारलाय, धन्य आहात :)

गंमत अशी की तुमच्या खोलीतलं भांडण जवळजवळ 300 वर्षं जुनं आहे. 1720च्या दशकात अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांची सगळ्यात वरची सभा म्हणजे फिलाडेल्फियाची सिनड. तिथे जॉन थॉमसन नावाच्या पाळकाने मागणी केली की प्रत्येक पाळकाने वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकाराला (प्रेस्बिटेरियनांची श्रद्धा कलमवार मांडणारा जुना दस्तऐवज) सही करून मान्यता द्यावी, नाहीतर कोणीही उठून काहीही शिकवेल. त्याला विरोध केला जोनाथन डिकिन्सनने (हाच पुढे प्रिन्स्टनचा पहिला अध्यक्ष झाला). त्याचं म्हणणं, माणसांनी लिहिलेल्या कागदाला शास्त्राच्या जागी बसवू नका, उमेदवाराला नीट तपासा, त्याचं वागणं बघा, सही कशाला.

1729 मध्ये तोडगा निघाला, त्याला अॅडॉप्टिंग अॅक्ट म्हणतात. त्यात असं की पाळकाने विश्वासांगीकार मान्य करायचा, पण त्यातल्या 'आवश्यक आणि अनिवार्य' कलमांपुरता. एखाद्या कलमाबद्दल मनात अडचण असेल तर ती त्याच वेळी उघड सांगायची, आणि मग ती अडचण आवश्यक भागात येते की नाही हे प्रेस्बिटेरी (एका भागातल्या मंडळ्यांची सभा) किंवा सिनड ठरवणार. या अडचणीला तिकडे स्क्रूपल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बारीक टोकदार खडा. म्हणजे आपला दाताखालचा खडा. भात थुंकून टाकायचा नाही, पण खडा लागला हे सांगायचं.

सकाळी हे ठरलं आणि त्याच दिवशी दुपारी सगळ्यांनी आपापले खडे बाहेर काढले. ते निघाले फक्त 20 आणि 23 या प्रकरणांतल्या काही वाक्यांबद्दल, जिथे सरकारी अधिकाऱ्यांना धर्माच्या कामात अधिकार दिल्यासारखं वाटत होतं. बाकी सगळं सगळ्यांना मान्य.

आता यातली मेख बघा. 'आवश्यक' म्हणजे नेमकं काय, त्याची यादी त्यांनी केलीच नाही. मुद्दाम केली नाही की जमली नाही यावर अभ्यासक आजही भांडतात. माझं मत, यादी केली असती तर त्याच संध्याकाळी सिनड फुटली असती.

आगाऊ_कार्टी

म्हणजे सिलॅबस न देता परीक्षा, आमच्या युनिव्हर्सिटीसारखं

जुनेकागद

@आगाऊ_कार्टी हसू नका, खरंच तसंच आहे. फक्त पेपर तपासणारा समोर बसलेला असतो आणि तुम्ही त्याच्याशी वाद घालू शकता.

माजी_क्लार्क

मी एका सेशनचा क्लार्क (नोंदी ठेवणारा) होतो काही वर्षं, त्यामुळे बुक ऑफ ऑर्डर उशाशी घेऊन झोपलेला माणूस आहे.

ताई, तुमच्या खोलीतल्या दोघांनीही बरोबर पानं दाखवली. प्रॉब्लेम असा की दोघांनी अर्धीच दाखवली. 1788 ची जी ऐतिहासिक तत्त्वं आहेत ती या पुस्तकात अजून तशीच आहेत. पहिलं तत्त्व, विवेकबुद्धीचा धनी एकटा देव, हे वेस्टमिन्स्टरच्या 20व्या प्रकरणातून आलेलं. पण लगेच खाली दुसरं तत्त्व वाचा. तिथे म्हटलंय की वरच्या तत्त्वाशी पूर्ण सुसंगत राहूनच प्रत्येक चर्चला आपल्या पाळकांची आणि सभासदांची पात्रता ठरवायचा हक्क आहे. आणि पुढे जे आहे ते मला फार आवडतं: या अटी ठरवताना चर्च चुकू शकतं, फार सैल ठेवेल किंवा फार आवळेल, पण तेव्हाही ते दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाला घालत नाही, स्वतःच्याच स्वातंत्र्याचा चुकीचा वापर करतं.

म्हणजे त्यांच्या डोक्यात दोन स्वातंत्र्यं होती, एक माणसाचं आणि एक माणसं मिळून जी संस्था करतात तिचं. सरकारने कोणालाही काही मानायला लावू नये हा मूळ मुद्दा. चर्चमध्ये तू आपणहून आलास, पद मागितलंस, तर चर्च विचारणारच की बाबा तुझं म्हणणं काय. पद हा कोणाचा हक्क नाही.

आणि हल्लीच्या पुस्तकात विवेकस्वातंत्र्यावर एक स्वतंत्र कलम आहे, जी-2.0105. ते प्रत्येक उमेदवाराने पाठच करावं. सार असं की शास्त्राचा अर्थ लावण्याचं स्वातंत्र्य शक्य तितकं जपायचं, पण तीन कुंपणं: चर्चच्या प्रमाणांपासून गंभीर फारकत नको, दुसऱ्यांच्या हक्कांवर आणि मतांवर अतिक्रमण नको, आणि चर्चच्या घटनात्मक कारभारात अडथळा नको. आणि जो दीक्षा घेतो तो आपणहून या मर्यादेत राहणं स्वीकारतो. आपण आवश्यक गोष्टींपासून दूर गेलोय का हे आधी त्या माणसाने स्वतः ठरवायचं, पण शेवटचा निर्णय तो ज्या कौन्सिलचा सभासद आहे तिचा. तुमच्या बाबतीत म्हणजे सेशनचा.

त्यामुळे 'तुम्ही एल्डर होऊ शकत नाही, विषय संपला' असं म्हणायचा अधिकार त्या ट्रेनिंगमधल्या माणसाला नव्हता. ते काम सेशनचं, आणि तेही त्या गृहस्थांना नीट ऐकून घेऊन.

परतवाट

क्लार्कसाहेब कागदावर बरोबर आहेत पण प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगतो. मी पण त्या चर्चमध्ये होतो, आता नाही, आमची अख्खी मंडळी बाहेर पडली. कुठल्या चर्चमध्ये गेलो ते महत्त्वाचं नाही.

केन्यन प्रकरण बघा. 1974, पिट्सबर्ग. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला तरुण उमेदवार, वॉल्टर केन्यन. परीक्षेत प्रामाणिकपणे सांगितलं की स्त्रियांना दीक्षा देणं मला शास्त्रात दिसत नाही, मी स्वतः त्या विधीत भाग घेऊ शकणार नाही. पण दीक्षित स्त्रियांबरोबर काम करीन, आणि माझ्या मंडळीने स्त्री एल्डर निवडली तर दुसऱ्या पाळकाला बोलावून विधी होऊ देईन, अडवणार नाही. पिट्सबर्ग प्रेस्बिटेरीने त्याला पास केलं. प्रकरण वर गेलं आणि चर्चच्या सर्वोच्च न्यायिक कमिशनने निकाल फिरवला, याला दीक्षा देता येणार नाही. का, तर स्त्रीपुरुष समानता ही चर्चच्या घटनेतली मूलभूत गोष्ट आहे आणि ती राबवणं हे पाळकाचं काम आहे, त्यात सूट देण्याचा अधिकार प्रेस्बिटेरीला नाही.

मी स्वतः स्त्रियांच्या दीक्षेच्या बाजूचा आहे, माझ्या घरातच एक पाळकीणबाई आहे, तरी मला हा निकाल अजून खटकतो. तो खोटं बोलला असता तर पास झाला असता!! खडा लागला म्हणून सांगितलं आणि ताटावरून उठवलं. मग 1729 च्या त्या सुंदर तोडग्याचा अर्थ काय राहिला? आणि मग 1979 मध्ये नियम केला की प्रत्येक मंडळीने एल्डरांमध्ये स्त्रिया निवडायच्याच. त्यानंतर काही मंडळ्या सोडून गेल्या, 1981 मध्ये इव्हँजेलिकल प्रेस्बिटेरियन चर्च उभं राहिलं. विवेकस्वातंत्र्य म्हणे.

खडू_फळा

परतवाट, तुमचा राग समजतो पण केन्यन प्रकरणात एक फरक सगळे विसरतात. त्याला काय 'पटतं' यावर ते अडलं नव्हतं, तो काय 'करणार नाही' यावर अडलं. दीक्षा देणं हे पाळकाच्या नेमून दिलेल्या कामातलं काम आहे. आणि समोरच्या बाजूने बघा. एखादी बाई एल्डर म्हणून निवडून आली, सगळी मंडळी जमली आणि तिचा स्वतःचा पाळक म्हणतो मी नाही करणार, दुसऱ्याला बोलावतो. त्या बाईची विवेकबुद्धी, तिचं पाचारण, ते कुठे गेलं? त्या चर्चमध्ये स्त्रियांना एल्डर म्हणून मान्यता 1930 ला मिळाली आणि पाळक म्हणून 1956 ला, मार्गारेट टाउनर पहिल्या. 1974 पर्यंत 18 वर्षं झाली होती, तेव्हाही त्यांनी दर वेळी आपलं पद वादाचा विषय म्हणून ऐकायचं का? 'दुसऱ्यांच्या हक्कांवर अतिक्रमण नको' या कुंपणाचा अर्थ तो.

पटणं आणि करणं हा फरक घेतला तर ताईंच्या मंडळीतले गृहस्थ केन्यनपेक्षा बऱ्याच सुरक्षित जागी आहेत. एल्डर लग्न लावत नाही. आणि लग्नाच्या बाबतीत 2015 मध्ये जी घटनादुरुस्ती मंजूर झाली तिच्यात स्पष्ट लिहिलंय की कोणत्याही पाळकाला त्याच्या समजुतीविरुद्ध लग्न लावायची सक्ती नाही आणि कोणत्याही सेशनला चर्चची जागा द्यायची सक्ती नाही. म्हणजे एका ठिकाणी सूट नाकारली, दुसऱ्या ठिकाणी कायद्यातच घातली.

परतवाट

बरोबर, आणि पुढे 2024 च्या जनरल असेंब्लीने (आख्ख्या चर्चची सगळ्यात वरची सभा) काय केलं तेही सांगा ना. भेदभाव न करण्याच्या यादीत लैंगिक कल आणि लिंगओळख घातली ते एक, पण त्याचबरोबर दीक्षेच्या परीक्षेत उमेदवाराची त्या तत्त्वांशी बांधिलकी तपासा असंही घातलं, आणि प्रेस्बिटेऱ्यांनी दोन्ही मंजूर केलं. एका हाताने सूट दिली आणि दुसऱ्या हाताने दारात विचारायला माणूस बसवला.

जुनेकागद

मला इथे दोघांनाही थोडं चिमटे काढायचे आहेत. कोण विवेकाचा झेंडा धरतो ते बघा, दर पन्नास वर्षांनी हात बदलतात.

1910 मध्ये जनरल असेंब्लीने पाच गोष्टी 'आवश्यक' म्हणून जाहीर केल्या: शास्त्र निर्दोष असणं, येशूचा कुमारीपोटी जन्म, त्याने आपल्या वतीने केलेलं प्रायश्चित्त, सदेह पुनरुत्थान आणि चमत्कार. कारण काय, तर न्यूयॉर्क प्रेस्बिटेरीने असे उमेदवार पास केले होते जे कुमारीपोटी जन्म ठामपणे मान्य करत नव्हते. 1916 आणि 1923 ला तेच पुन्हा म्हटलं. म्हणजे तेव्हा यादी करणारे पुराणमतवादी होते आणि 'प्रेस्बिटेरीला ठरवू द्या, वरून यादी लादू नका' म्हणणारे उदारमतवादी. त्यांनी 1924 मध्ये ऑबर्न अॅफर्मेशन नावाचं जाहीर निवेदन काढलं, 1200 च्या वर पाळकांनी सह्या केल्या. त्यांचा मुद्दा असा की जनरल असेंब्ली एकटी, प्रेस्बिटेऱ्यांचं मत न घेता, घटनेत नवीन अट घुसवूच शकत नाही. 1927 ला असेंब्लीने एका कमिशनच्या अहवालावरून ते मान्य केलं आणि यादी संपली.

मग 1974 ला केन्यन, तेव्हा विवेकाची बाजू पुराणमतवाद्यांकडे.

मग 1997 पासून दीक्षितांसाठी नियम आला, लग्नात (स्त्री आणि पुरुष यांच्या) निष्ठा किंवा एकटेपणात ब्रह्मचर्य. आता पुन्हा उलटं, समलिंगी उमेदवार आणि त्यांचे पाठीराखे म्हणायला लागले की आम्हाला 1729 सारखा खडा सांगू द्या. 2006 ला असेंब्लीने ती वाट थोडी उघडली, फेब्रुवारी 2008 मध्ये न्यायिक कमिशनने सांगितलं की मताला हरकत सांगा पण वागण्यातून सूट नाही, आणि त्याच वर्षीच्या असेंब्लीने पुन्हा उलट अर्थ लावला. हे पिंगपाँग शेवटी 2011 ला थांबलं. 10-ए नावाची घटनादुरुस्ती प्रेस्बिटेऱ्यांच्या बहुमताने मंजूर झाली आणि तो नियमच निघाला. त्या जागी आलं काय तर, प्रत्येक उमेदवाराला त्याच्या कौन्सिलने नीट तपासावं. म्हणजे डिकिन्सन जे म्हणत होता तेच की हो.

आणि आता परतवाट स्क्रूपल मागतायत. 2007 मध्ये तुमच्या बाजूचे लोक स्क्रूपलला पळवाट म्हणत होते, आठवतंय का?

परतवाट

आठवतंय. मीही म्हणत होतो. लागली ती चपराक, घेतो.

पण मग एक सांगा, तुम्ही म्हणता हात बदलतात, याचा अर्थ तत्त्व कोणालाच नको होतं, सगळ्यांना आपली माणसं आत हवी होती असंच ना? आमच्या मंडळीत बाहेर पडायची चर्चा 3 वर्षं चालली आणि खरं सांगतो शेवटी शास्त्रावर कोणी बोलतच नव्हतं, इमारत कोणाची यावर बोलत होते. कारण मंडळीची प्रॉपर्टी आख्ख्या चर्चसाठी ट्रस्टमध्ये धरलेली असते, आम्ही पिढ्यानपिढ्या वर्गणी काढून बांधलेली वास्तू सोडायला पैसे मोजायचे. विवेकाला किंमत असते ती अशी कळते. शेवटच्या रविवारी अर्धे लोक इकडे अर्धे तिकडे, माझा 30 वर्षांचा मित्र तिकडे राहिला, अजूनही फोन करताना दोघं हवापाण्यावर बोलतो.

माजी_क्लार्क

परतवाट, हे वाचून वाईट वाटलं, आमच्याकडेही एक कुटुंब असं गेलं, वहीत नाव कमी करताना माझा हात थांबला होता.

एक जुनी गोष्ट सांगतो. 1741 ला हे लोक फुटले होते, ओल्ड साइड आणि न्यू साइड, 1758 ला परत एकत्र आले. तेव्हाच्या करारात असं ठरलं की बहुमताने एखादी गोष्ट ठरली की सभासदाने एकतर ती मनापासून करावी, नाहीतर निमूटपणे सहन करावी, आणि विवेक या दोन्हीला परवानगी देत नसेल तर आपलं म्हणणं पुरेसं मांडून झाल्यावर फूट न पाडता शांतपणे निघून जावं. आणि हेही जोडलं होतं की हे फक्त अशा गोष्टींना लागू जिथे ती गोष्ट खरोखर अनिवार्य आहे असं सभेला वाटतं. या तीन वाटांमध्ये मधली जी आहे ना, निमूटपणे सहन करणं, ती हल्ली कोणाला नकोच असते, दोन्हीकडच्यांना. केन्यन मधल्या वाटेवर होता असं मला वाटतं. ताईंचे गृहस्थ पण तिथेच उभे आहेत.

कलम_दाखवा

कायद्याचा मुद्दा राहिला, थोडक्यात. कोणी म्हणेल कोर्टात जाऊ, तर अमेरिकेत पाळक कोण असावा यात सरकार पडत नाही. 2012 च्या होझाना-टेबर निकालात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलंय. प्रॉपर्टीचं वेगळं, 1979 च्या जोन्स विरुद्ध वुल्फ निकालानुसार कोर्ट धर्मशास्त्रात न शिरता डीड, ट्रस्ट, कागदपत्रं बघून निकाल देऊ शकतं. म्हणून इमारतीवर खटले होतात आणि दीक्षेवर होत नाहीत. परतवाट यांच्या मंडळीत शेवटी इमारतीवरच बोलणं का चाललं त्याचं एक कारण हेही.

मागच्या_बाकावरून

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं.

मला आता एवढं कळलं की माझा प्रश्नच जरा चुकीचा होता. विवेक मोकळा आहे का, यावर भांडण नाहीच, 'आवश्यक' काय ते कोणी ठरवायचं, समोर बसून माणसाला ओळखणाऱ्यांनी की वरच्या सभेने एकदाच सगळ्यांसाठी, यावर आहे. आणि मला अजून नक्की वाटत नाही कुठलं बरं. जवळच्यांनी ठरवलं तर ओळखीपाळखीने सूट मिळणार, लांबच्यांनी ठरवलं तर माणूसच दिसणार नाही. @खडू_फळा तुमचं त्या बाईबद्दलचं वाचून मी मात्र थांबले, कारण आमच्या सेशनवर आत्ता एक एल्डर आहे जिचं तिच्या बायकोशी लग्न आमच्याच चर्चमध्ये लागलं. ती त्या गृहस्थांची परीक्षा घेणाऱ्यांत असेल.

कालच कॉफीच्या वेळी त्यांना विचारलं की सेशनसमोर हे सांगणार का. म्हणाले सांगणार, तिच्याकडे बघूनच सांगणार, तिने मला गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्ये रोज सूप आणून दिलंय, तिच्यापासून काय लपवू. मग मला म्हणाले तू माझ्या बाजूने मत देशील ना. मी म्हटलं मी अजून सेशनवर नाही, माझीच परीक्षा व्हायचीय.

माजी_क्लार्क

दोघांची एकाच दिवशी का?

मागच्या_बाकावरून

हो, येत्या मंगळवारी. आडनावाच्या क्रमाने. मी आधी.

आगाऊ_कार्टी

सिलॅबस मिळाला का मग

मागच्या_बाकावरून

जी-2.0105 पाठ करतेय :(